रोटरी लेझर लेव्हल: यंत्र भाड्याने नेणारे आम्हाला नेहमी विचारतात ते प्रश्न

पुण्यात बरीच वर्षं आम्ही सर्व्हेची यंत्रं भाड्याने देतो आणि दुरुस्तही करतो. वाघोली, मोशी, उंड्रीच्या इमारतींपासून चाकणच्या शेडपर्यंत आमची लेझर फिरत असतात. रोटरी लेझर म्हणजे ट्रायपॉडवर बसून गोल फिरत आडवा किरण टाकणारं यंत्र. स्टाफला, म्हणजे उभ्या मापपट्टीला, लावलेला रिसीव्हर तो किरण पकडून आवाजाने पातळी सांगतो. त्यांच्याबद्दल काउंटरवर, फोनवर आणि पुष्कळदा रात्री साडेनऊला, "उद्या स्लॅब आहे हो" अशा सुरात येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठूनही वाचा. मात्र "तुमचं यंत्र चुकीचं दाखवतंय" असं सांगायला फोन उचलण्याआधी भिंतीवर यंत्र तपासण्याचा प्रश्न जरूर वाचा.

डब्यावर "±१.५ मिमी, ३० मीटरला" असं लिहिलंय. म्हणजे माझी पातळी दीड मिलिमीटरच्या आत येणार ना?

नाही येणार. तो आकडा फक्त यंत्रातून निघणाऱ्या किरणाचा आहे. कोनात सांगायचं तर साधारण १० सेकंद (अंशाचे ३,६०० भाग केले की एक सेकंद). अंतर वाढलं की चूक त्याच प्रमाणात वाढते: ५० मीटरला अडीच मिलिमीटर, १०० मीटरला पाच. त्यावर रिसीव्हरची चूक येते, बारीक सेटिंगवर साधारण एक मिलिमीटर. मग स्टाफ कलला, खूण जाड पेन्सिलीने केली, स्टाफच्या बुडाला चिखल होता, अशा दोनेक मिलिमीटरच्या मानवी भानगडी. या चुका एकमेकींत सरळ बेरजेने मिळत नाहीत, काही एकमेकींना खातातही. पण ३० मीटरवर अडीच-तीन मिलिमीटर धरून चालावं. मिस्त्रींच्या भाषेत एक सूत, इंचाचा आठवा भाग.

एका सुतात प्लिंथ (जोतं), पीसीसी (पायाखालचा बिनसळीचा काँक्रीटचा थर), सेंट्रिंग (स्लॅबचा साचा), खोदाई, बुलमार्क (प्लास्टरची जाडी ठरवणारे ठिपके) सगळं व्यवस्थित होतं. स्वस्तातलं, ३० मीटरला ±३ मिमीवालं यंत्रही खोदाईला आणि मुरूम भरणीला पुरतं. तिथे महाग यंत्र मागणाऱ्याला आम्ही स्वतःहून अडवतो. धंद्याला ते बरं नाही, पण सवय आहे.

रेंज ६०० मीटर आहे. मग प्लॉटच्या मधोमध एकदाच लावलं की झालं?

६०० मीटर हा व्यास आहे. यंत्रापासून एका बाजूला ३०० मीटर. आणि रेंज म्हणजे तिथपर्यंत रिसीव्हरला किरण सापडतो, एवढंच. ३०० मीटरवर ±१.५ वाल्या यंत्राची चूक १५ मिलिमीटरपर्यंत जाते. शिवाय पृथ्वी गोल आहे आणि हवेतून जाताना किरण किंचित वाकतो. या दोहोंचा हिशेब सर्व्हेच्या पुस्तकांत ०.०६७३ गुणिले किलोमीटरमधल्या अंतराचा वर्ग, उत्तर मीटरमध्ये, असा असतो. १०० मीटरला तो पाऊण मिलिमीटरही भरत नाही, विसरून जा. ३०० मीटरला सहा मिलिमीटर होतो, तो विसरता येत नाही.

पातळीच्या कामाला आम्ही ५०-६० मीटरच्या पुढे जाऊ नका म्हणतो. खोदाईला १०० पर्यंत चालेल.

आमच्याकडे ऑटो लेव्हल आहे. रोटरी कशाला?

घाईने घेऊ नका. ऑटो लेव्हल म्हणजे दुर्बिणीतून स्टाफ वाचायचं यंत्र. लांबून बेंचमार्क (ठरलेल्या उंचीची खूण) आणायचा असेल, रस्त्याकडेने अर्धा किलोमीटर पातळी न्यायची असेल, तर ऑटो लेव्हलच चांगली. यंत्रापासून मागच्या आणि पुढच्या स्टाफचं अंतर सारखं ठेवलं की यंत्राची चूक आपोआप कटते, आणि किंमतही कमी. रोटरी कामाला येते ती एकाच आवारात शंभर ठिकाणी पातळी बघायची असेल तेव्हा. यंत्रामागे माणूस उभा करावा लागत नाही. चार मिस्त्री चार रिसीव्हर घेऊन चार कोपऱ्यांत एकाच वेळी काम करतात. "काय आलं? एक-चारशे-वीस की एक-चारशे-बारा?" हे ओरडणं थांबतं. ब्रेकर चालू असताना ऐकण्यात झालेल्या चुका यंत्राच्या चुकांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात.

यंत्र बरोबर दाखवतंय की नाही, साइटवर कसं बघायचं?

सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत कमी विचारला जाणारा प्रश्न. वीस मिनिटं लागतात. पोडियमचं पार्किंग किंवा लांब शेड मिळाली तर उत्तम.

भिंतीपासून ३० मीटरवर ट्रायपॉड घट्ट बसवा. यंत्राची एक बाजू, तिला एक्स म्हणू, भिंतीकडे करा. रिसीव्हरने भिंतीवर किरणाची बारीक खूण करा. ट्रायपॉड न हलवता यंत्र वरच्या वर १८० अंश फिरवा, स्थिरावू द्या, पुन्हा खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे त्या अक्षाच्या चुकीची दुप्पट. ±१.५ वालं यंत्र असेल तर खुणा ३ मिलिमीटरच्या आत हव्यात. मग ९० अंशांवर वळवून वाय अक्षाचंही असंच करा. चारही खुणा तीन मिलिमीटरच्या पट्ट्यात आल्या की पहिली परीक्षा पास.

ही अर्धीच परीक्षा, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात. समजा किरण सगळ्या बाजूंना सारखाच थोडा वर उचललेला आहे, म्हणजे सपाट थाळीऐवजी उथळ वाडग्यासारखा फिरतोय. मग चारही खुणा एकाच जागी येतील आणि चारही चुकीच्या असतील. त्यासाठी समोरासमोर दोन भिंती, मध्ये ३० मीटर. यंत्र पहिल्या भिंतीपासून मीटरभरावर लावून दोन्ही भिंतींवर खूण करा. मग उचलून दुसऱ्या भिंतीपासून मीटरभरावर न्या, तोंड त्याच दिशेला ठेवा, पुन्हा दोन्ही भिंतींवर खूण करा. आता प्रत्येक भिंतीवर दोन खुणा आहेत. पहिल्या भिंतीवर दुसरी खूण पहिलीच्या जितकी वर, तितकीच ती दुसऱ्या भिंतीवरही वर यायला हवी. इथे वर-खालीचं चिन्ह सांभाळा: एकीकडे खूण वर सरकली आणि दुसरीकडे खाली, तर दोन्ही मापांची बेरीज करायची. दोन भिंतींवरच्या सरकण्यातला हा फरक ३ मिलिमीटरपेक्षा जास्त निघाला तर यंत्र आमच्याकडे आणा, आतला स्क्रू फिरवू नका. ज्यांनी फिरवला त्यांची यंत्रं आम्ही ओळखतो, सीलवर चाकूची खूण असते.

याची शास्त्रशुद्ध पद्धत आयएसओ १७१२३ च्या सहाव्या भागात आहे, तो रोटरी लेझरसाठीच आहे. ती जास्त वाचनं आणि गणित मागते. रोजच्या कामाला वरचं पुरतं.

पण तुम्ही कॅलिब्रेशन सर्टिफिकेट देता ना?

देतो. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं हवं असेल तर एनएबीएलवालंही करून मिळतं, मोठे क्लायंट आणि सरकारी कामं तेच मागतात. पण सर्टिफिकेट त्या दिवशीच्या, त्या टेबलावरच्या यंत्राचं असतं. पुढे ते टेम्पोतून साइटवर गेलं, बिगाऱ्याच्या हातून पायरीवर टेकलं, याची नोंद कागदावर होत नाही. पडलं असेल तर आम्हाला सांगा, भाडं वाढवत नाही. न सांगता परत आणलेलं पडकं यंत्र पुढच्या माणसाची साइट बिघडवतं.

ट्रायपॉड हलला तर यंत्र आपोआप पुन्हा लेव्हल होतं. मग काळजी कशाची?

नेमकी त्याचीच. आतला लोलक किंवा मोटर ±५ अंशांपर्यंतचा कल सावरून घेते. कल सावरतो, उंची नाही. पाय दहा मिलिमीटर रुतला की यंत्र क्षणभर थांबतं, नीट होतं आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा फिरायला लागतं. किरण आडवा असतो, पण खालच्या पातळीवर. ऑटो लेव्हलवर निदान डोळा लावलेल्या माणसाला शंका येते.

त्यासाठीच टिल्ट अलार्म असतो. यंत्र स्थिरावल्यावर थोड्या वेळाने तो जागा होतो आणि नंतर धक्का बसला तर फिरणं थांबवून कोकलतो. लोक वैतागून तो बंद करतात. मीही केला होता. एका गृहप्रकल्पाच्या राफ्टखालचं (सलग पायाखालचं) पीसीसी होतं, ट्रायपॉड मुरूमाच्या ताज्या भरणीवर, आणि वीस मीटरवर पोकलेनला ब्रेकर लावून खडक फोडणं चाललेलं. पुण्याचा काळा खडक फुटतो तेव्हा पायाखालची जमीन थरथरते. अलार्म दर पाच मिनिटांनी. शेवटी मी तो बंद केला आणि चहाला गेलो. संध्याकाळी टीबीएमवर, म्हणजे साइटवरच्या तात्पुरत्या बेंचमार्कवर, स्टाफ ठेवला तर वाचन सकाळपेक्षा १४ मिलिमीटरने कमी. दुपारनंतरचं सगळं पीसीसी तेवढं खाली गेलं होतं, नेमकं कधीपासून ते कळायला मार्ग नव्हता. वरच्या काँक्रीटचे पैसे मी भरले.

तेव्हापासून: सकाळी टीबीएम, जेवायच्या सुट्टीनंतर टीबीएम, यंत्र उतरवण्याआधी टीबीएम, तिन्ही वाचनं वहीत. ट्रायपॉडचे पाय पायाने दाबून रोवा. गुळगुळीत फरशीवर असेल तर पायांना साखळी किंवा दोरी बांधा. ब्रेकर चालू असेल तर यंत्र लांब न्या, अलार्म बंद करू नका.

स्लॅब भरताना यंत्र कुठे लावायचं?

सेंट्रिंगच्या प्लायवर तर नाहीच. माणसं चालतात, पंपाचा पाइप झटके देतो, काँक्रीट पडेल तसं सेंट्रिंग बसतं. त्याच स्लॅबवर उभं यंत्र त्याच स्लॅबसोबत खाली जातं आणि "सगळं बरोबर" म्हणतं. लिफ्टची भिंत, जिन्याचा तयार भाग, शेजारची आधी भरलेली विंग, असं काहीतरी पक्कं शोधा. ते नसेल तर आदल्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या एक मीटरच्या खुणेवरून टेपने पातळी वर न्या, कॉलमच्या सळ्यांवर टेप चिकटवून खुणा करा आणि भरताना त्यांवरून दोरी धरा. जुनी पद्धत आहे, पण भरणीच्या गडबडीत तीच टिकते.

बाणेरकडच्या उंच इमारतींवर वाऱ्याची तक्रार असते, "यंत्र फिरतच नाही, सारखं थांबतं." यंत्र बिघडलेलं नसतं. वाऱ्याने डोकं हलतं आणि ते स्वतःला सावरत बसतं. ट्रायपॉड बुटका करा, मधल्या हुकाला वाळूची पिशवी टांगा, पॅरापेटच्या आडोशाला जा.

हिरवं घ्यावं की लाल?

आत, फॉल्स सीलिंग आणि फरशीच्या कामात, डोळ्याने रेषा बघायची असेल तर हिरवं. आपल्या डोळ्याला ते त्याच ताकदीच्या लालपेक्षा बरंच उजळ दिसतं. बाहेर उन्हात दोन्ही दिसत नाहीत. तिथे रिसीव्हरच बघतो आणि त्याला रंगाचं कौतुक नसतं, उलट लाल यंत्राची बॅटरी बहुधा जास्त टिकते. एक गोष्ट नक्की बघा: लालसाठीचा रिसीव्हर हिरवा किरण पकडेलच असं नाही. जोडी मोडू नका. दर महिन्याला कोणीतरी मित्राचा रिसीव्हर लावून "यंत्र मेलं" म्हणून येतो.

आणि १२ किंवा १६ रेषांचं ते हिरवं लाइन लेझर वेगळं. खोलीत, दहा-पंधरा मीटरच्या कामाला छान. प्लॉटवर नेऊ नका.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी वाचन उड्या का मारतं?

तापलेल्या स्लॅबवरची हवा लहरते, डांबरी रस्त्यावर पाण्याचा भास होतो तसं. किरण त्यातून जाताना नाचतो. किरण पृष्ठभागापासून निदान अर्धा मीटर वर ठेवा, अंतर कमी करा, बारीक काम सकाळी दहाच्या आत उरका. एसी गाडीतून काढलेलं यंत्र लगेच लावू नका, पेटी उघडून पंधरा-वीस मिनिटं सावलीत ठेवा. पावसाळ्यात उलटा त्रास: काचेवर थेंब किंवा वाफ असली की रिसीव्हर लवकर किरण सोडतो. मऊ कापडाने टिपा, सदऱ्याच्या टोकाने नाही. आणि ओलं यंत्र पेटीत बंद करू नका. जुलैत आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या दुरुस्त्या याच्याच असतात.

रिसीव्हर एकदम भलतीच पातळी दाखवतो. भूत आहे का?

शेजारच्या कॉन्ट्रॅक्टरचं लेझर आहे. एका आवारात दोन यंत्रं फिरत असतील तर रिसीव्हर दोघांचंही ऐकतो. दोघांनी उंची वेगळी ठेवा, निदान अर्ध्या मीटरचा फरक असू द्या. दुसरा संशयित म्हणजे काच: खिडकी, अ‍ॅल्युमिनियमचं पॅनेल, उभ्या गाडीचा आरसा. किरण परावर्तित होऊन येतो आणि रिसीव्हर त्यालाच खरा मानतो. पाठ फिरवून, अंगाचा आडोसा करून वाचन घ्या, लगेच कळतं.

स्टाफचंही बघा. स्टाफवर दोन मीटर उंचीचं वाचन घेताना तो पाच अंश कलला तर साडेसात मिलिमीटर जास्त येतं आणि जमीन आहे त्यापेक्षा खाली दिसते. क्लॅम्पचा स्क्रू ढिला असेल तर रिसीव्हर हळूहळू घसरतो. क्लॅम्पच्या कडेला स्टाफवर पेन्सिलीची रेघ मारून ठेवा.

उतार यंत्रावरच लावता येतो का?

ड्युअल स्लोप (दोन्ही अक्षांना उतार देणाऱ्या) यंत्रावर येतो, बहुतेकांत साधारण १० टक्क्यांपर्यंत. पार्किंगचा रॅम्प १:८ असेल तर तो साडेबारा टक्के झाला, यंत्राच्या बाहेर. तो दोन टोकांच्या पातळ्या काढून दोरीने करा. साध्या यंत्रात हाताने उतार देता येतो, पण तेव्हा त्या अक्षाचं आपोआप सावरणं बंद असतं. धक्का बसला तर ना सावरणं, ना सूचना. ड्रेनेजची लाइन १:१०० ने न्यायची असेल तर मी स्वतः यंत्र आडवंच ठेवतो आणि दर मीटरला स्टाफवर १० मिलिमीटर वाढवत जातो. हळू होतं, पण काय केलं ते वहीत दिसतं. बाथरूमच्या ढाळाला मात्र लेझर राहू द्या. फरशी मिस्त्री आणि बादलीभर पाणी पुरे.

आमचे मिस्त्री नळीच्या लेव्हलवरच विश्वास ठेवतात. कोण बरोबर?

नळी स्वच्छ असेल, बुडबुडा नसेल, कुठे पिळलेली नसेल, तर ती मिलिमीटर-दोन मिलिमीटरमध्ये खरं बोलते. कोपऱ्यापलीकडे, भिंतीआड जाते, ते लेझरला जमत नाही. तिचा एकच डाग लोकांना माहीत नसतो. एक उभा भाग उन्हात आणि दुसरा सावलीत असला तर गरम पाणी हलकं होऊन वर चढतं. एकीकडे २५ अंश, दुसरीकडे ४०, तर उभ्या मीटरमागे जवळजवळ पाच मिलिमीटरचा फरक. एकदा एका मिस्त्रींनी माझं लेझर चुकीचं ठरवलं होतं. आम्ही नळी अर्धा तास सावलीत ठेवली आणि पुन्हा धरली. जुळलं. दुसऱ्या साइटवर त्यांच्याच नळीने माझ्या रिसीव्हरचा सरकलेला क्लॅम्प पकडून दिला. दोघांना एकमेकांवर नजर ठेवू द्या.

डोळ्यांना धोका आहे का?

क्लास २ चं यंत्र एक मिलिवॉटच्या आत असतं, आणि दिसणारा किरण डोळ्यात गेला तर पापणी आपोआप मिटते. ३आर वाली पाच मिलिवॉटपर्यंत जातात, तिथे जास्त जपा. न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणाला पापणी मिटत नाही, त्याच्या डब्यावरचा इशारा वाचा. सोपा नियम: किरण माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावू नका, डोक्यावर किंवा छातीखाली ठेवा. बाजूला पोरं खेळत असतील तर थांबलेला ठिपका कधीच ठेवू नका.

आडवं ठेवून ओळंबा आणि गुण्या काढता येतो का?

सगळ्या यंत्रांत नाही, घेताना विचारा. ज्यात येतो त्यातही काटकोन एकदा ६-८-१० मीटरने (बाजू ६ आणि ८, कर्ण १०) तपासा. पार्टिशनला चालतं. बाहेरच्या उंच कॉलमला लोखंडी ओळंबाच बरा.

नेताना काय बघून घेऊ?

काउंटरवरच चालू करा, स्थिरावू द्या, रिसीव्हर चारही बाजूंना धरून आवाज ऐका. क्लॅम्प, चार्जर, पेटीच्या कड्या मोजा. नेताना यंत्र बंद करा म्हणजे लोलक अडकून राहतो. पेटी डिकीत सळ्यांसोबत टाकू नका आणि दुचाकीच्या पुढे पायाशीही नको, आपल्या रस्त्यांवर तिथेच सगळ्यात जास्त हादरे बसतात. मागच्या माणसाने मांडीवर धरावी. आठवडाभर वापरणार नसाल तर साधे सेल काढून ठेवा, आत गळले तर यंत्राची सर्किटची पाटी खातात आणि ती पाटी लवकर मिळत नाही. परत आणताना सोमवारी सकाळी येऊ नका, तेव्हा सगळेच न्यायला येतात. शनिवारी दुपारी आणलंत तर तुमच्यासमोर भिंतीवर तपासून देऊ.